बुंदीची कूस

बुधवारी सकाळी बुंदी उठली नाही.
खुराड्याचं फळकूट सरकवलं,
बाकीच्या तिघी तिला ओलांडून अंगणात गेल्या.
अंगण म्हणजे काय, माहुल गावात,
मोरीचा धोंडा आणि शेजारची भिंत
यांच्यामध्ये एक बाज मावेल एवढी माती.
बुंदी आतच. पाय मागे पडलेले,
दुसऱ्या कुणीतरी
सांभाळायला ठेवून गेल्यासारखे.

पारूबायनं डोकावून बघितलं.
"आयतवारी पाव्हणं येतील, रस्सा तरी होईल गो."
वाईट बाई नाही ती.
तिच्या लेकीच्या बाळंतपणात
रोजचं अंडं आमच्याच टोपलीतून गेलं.

मी शताब्दीत आया. एकोणीस वर्षं
न उठणाऱ्यांचंच बघते.
दर दोन तासांनी कूस,
टाचेखाली पाणी भरलेला हातमोजा,
पाठीला पावडर.
नातेवाईक विचारतात, चालतील ना?
मी म्हणते, डॉक्टर सांगतील.
डॉक्टर म्हणतात, बघू.

बुंदीला मी म्हटलं, बघू.

एक जुनी कापडी पिशवी काढली.
पायांसाठी दोन भोकं, मागे एक, त्याचं नाव नको.
पिशवीवर 'सौजन्य' आणि एका नगरसेवकाचं अर्धं नाव;
उरलेलं अर्धं कात्रीत गेलं.
दोन स्टुलांच्या मध्ये टांगली,
बुंदी त्यात बसली, मान इकडे तिकडे,
निवडून आल्यासारखी.

पाणी ड्रॉपरनं, चोचीच्या कडेनं, थेंब थेंब.
घाई केली तर श्वासात जातं.
माणसाचंही तसंच.

शुक्रवारी रजा टाकून टॅक्सीनं परळला नेलं.
डॉक्टर पोरगेलासा. पिशवी बघून हसला नाही.
दोन बोटांनी हाडं चाचपली,
म्हणाला, चुना संपलाय.
रोज एक अंडं घातलं हिनं,
कवच कुठून आणणार? हाडांतून काढलं.

चेंबूर येईपर्यंत मी हिशेब करत होते.
पारूबायची लेक, तिचं बाळ,
आमचा प्रणीत बारावीला असताना रोजची दोन,
सासऱ्यांचा खोकला,
नाईटच्या सिस्टरला दिवाळीचा डझन.
आपल्या पायावर उभे राहिले म्हणतात सगळे.
मीटर बघायचं राहिलं.
ड्रायव्हरनं सुटे मागितले तेव्हा भान आलं.

हिराजीनं खाडीवरून शिंपल्या आणल्या,
भाजल्या, खलबत्त्यात कुटायला बसला
रात्री एक वाजता.
आळीनं शिव्या घातल्या, तो कुटत राहिला.
सव्वीस वर्षांत या माणसानं
मला कपभर चहा करून दिला नाही.
बुंदीला गूळपाणी देतो, कोमट,
आधी मनगटावर टाकून बघतो.

कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी:
अकरा, कूस डावी.
एक, उजवी.
तीन, डावी, थोडं शिटली, बरं वाटलं.
पाच, हिराजी झोपला.

रिफायनरीची ज्योत रात्रभर जळते.
इथल्या कोंबड्यांना पुरता काळोख ठाऊक नाही.
मी खिडकीला गोणपाट बांधलं,
तरी विणीतून लाल लाल यायचं,
बुंदीच्या ठिपक्यांवर बसायचं.

पारूबाय आयतवारी आली.
सुरीचं काही बोलली नाही.
पदराआडून वाटी काढली, उकडलेल्या जवळ्याची,
म्हणाली, "पाव्हणं नाय आलं."

आज दहावा दिवस.
कुकर लावला, भात होईस्तोवर
तिचे तळपाय चोळत बसले.
चोळता चोळता, डाव्या पायाची नखं
माझ्या बोटाभोवती मिटली.
आधी वाटलं, आपोआप मिटली असतील.
बोट जरा ओढून बघितलं.
ओढू देईना.
दांडी समजली असावी.
मान पिसांत खुपसली, पापणी खालून वर आली,
झोपली.

एक शिट्टी झाली.
हिराजी खाडीवर, प्रणीत क्लासला.
दुसरी.
मी हलले तर ही जागी होईल.
तिसरी.
पारूबाय, अगो पारूबाय,
जरा येऊन गॅस बंद कर.
हळू ये.